‘ब्रेक जरा कमी लागतो’ म्हणजे किती?

डहाणू-तलासरी परिसरातील सरावलीसारख्या गावात पावसाळ्यात ट्रॅक्टर भातखाचरांत चिखलणीसाठी उतरतो. सुगी आटोपली की तोच ट्रॅक्टर मागे ट्रॉली जोडून पेंढा, विटा, रेती वाहतो. ट्रॅक्टर जुना असेल तर चालक सहज सांगतो, “ब्रेक जरा कमी लागतो.” या ‘जरा’चा अर्थ काय, हे आपण गणिताने पाहू.

ब्रेकचे काम म्हणजे वाहनाच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करणे. जुन्या ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. शेतीच्या ट्रॉलीला तर तो बहुधा नसतोच. समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि त्यापैकी १.३ टन भार मागच्या चाकांवर आहे. टायर व रस्ता यांच्यातील घर्षणगुणांक ०.६ धरला, तर ब्रेकचे बल जास्तीत जास्त ०.६ × १३००० = ७८०० न्यूटन होईल. वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर घेऊ.

एकटा ट्रॅक्टर सपाटीवर सुमारे ४ मीटरांत थांबेल. मागे ४ टनांची भरलेली ट्रॉली असेल, तर तेवढ्याच बलाला ६ टन थांबवायचे आहेत. अंतर १२ मीटर होईल. आता दहास एक असा उतार घ्या. गुरुत्वाकर्षण या ६ टनांना सुमारे ६००० न्यूटन बलाने खाली ओढते. थांबवण्यासाठी उरतात फक्त १८०० न्यूटन, आणि अंतर होते सुमारे ५० मीटर! (ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांवर सरकणारा भार आणि ट्रॉलीचा हुकावर येणारा भार आपण सोपेपणासाठी सोडून दिला आहे.)

आता ब्रेक एक चतुर्थांशाने कमजोर झाला असे समजू. बल उरले ५८५० न्यूटन. सपाटीवर १२ ऐवजी १६ मीटर लागतील. चालकाला ते ‘जरा’च वाटेल. पण त्या उतारावर ५८५० हे ६००० पेक्षा कमी आहे. ट्रॅक्टर उशिरा थांबणार नाही, तो थांबणारच नाही. उलट वेग घेत जाईल. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनाचा अवरोध मदतीला येतो. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे ही मदत नाकारणे होय.

ब्रेक कमजोर का होतो? पहिले कारण झीज. लायनिंग झिजले की पॅडल बराच वेळ नुसतेच मोकळे खाली जाते. चाकांना अडण लावून, रॉडवरील नट फिरवून ही मोकळी चाल पुस्तिकेत दिलेल्या मापावर आणता येते. लायनिंग पारच झिजले असेल तर मात्र ते बदलावेच लागते.

दुसरे कारण तेल. मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील कडक झाले की गिअरचे तेल लायनिंगवर झिरपते आणि घर्षण एकदम घटते. येथे नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. लायनिंग सच्छिद्र असल्याने आत मुरलेले तेल धुऊनही पुरते निघत नाही. सील आणि लायनिंग दोन्ही बदलावीत, तीही दोन्ही बाजूंची.

तिसरे कारण चिखल व गंज. अनेक कोरड्या डिस्क ब्रेकमध्ये दोन चकत्यांच्या मध्ये उतरत्या खाचांत पोलादी गोळ्या असतात. पॅडल दाबले की चकत्या किंचित फिरतात, गोळ्या खाचेच्या चढावर चढतात आणि चकत्या फाकून लायनिंगवर दाब देतात. खाचा गंजल्या की गोळ्या अडकतात. चिखलणीच्या हंगामानंतर हा भाग उघडून साफ करणे म्हणूनच महत्त्वाचे.

उघडताना एक काळजी घ्यावी. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती हवा मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळी पॅडल असतात. शेतात एकच पॅडल दाबून जागच्या जागी वळता येते. नेहमी एकाच बाजूला वळल्यास त्या बाजूचे लायनिंग लवकर झिजते, आणि रस्त्यावर ब्रेक मारताच ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला खेचला जातो. म्हणून दोन्ही बाजूंची चाल सारखी हवी आणि रस्त्यावर येताना पॅडल पट्टीने जोडलेली हवीत. दुरुस्तीनंतरची चाचणी ट्रॉली सोडून, मोकळ्या सपाट जागी, कमी वेगात घ्यावी.

विद्यार्थी विचारतील, नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तर तेलातच बुडालेले असतात, ते कसे? तेथे एकाऐवजी अनेक चकत्या असतात आणि लायनिंगही तेलासाठीच बनवलेले असते. घर्षणगुणांकाची उणीव संख्येने भरून निघते, तेल उष्णता वाहून नेते आणि बंद पेटीत चिखल शिरत नाही.

वर्गात हे करून पाहा. फळीवर लाकडी ठोकळा ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचला. ठोकळा घसरू लागेल त्या क्षणी उंचीला आडव्या अंतराने भागा, तोच घर्षणगुणांक. मग फळी ओली करून, त्यानंतर तेल लावून पुन्हा मोजा. तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येक गुणांक ब्रेकचा मानून वरचे उताराचे गणित मुलांकडून सोडवून घ्या.