विश्लेषण : स्नोबोर्डिंगच्या एका फोटोसाठी अख्खा हिवाळा का लागतो? मुळशीतून गुलमर्गला निघण्यापूर्वी काय माहीत हवे?

थंडी वाढली की मोबाइलवर एक ठरावीक फोटो फिरू लागतो. निळे आकाश, हवेत झेपावलेला स्नोबोर्डर आणि त्याच्यामागे उडालेला बर्फाचा फवारा. पावसाळाभर ताम्हिणी घाटात धबधबे आणि धुके टिपणाऱ्या मुळशीतल्या हौशी छायाचित्रकारांना, हिंजवडीत नोकरी करून शनिवार-रविवारी कॅमेरा बाहेर काढणाऱ्यांना असे फोटो हमखास खुणावतात. पण एका सुट्टीत गुलमर्ग गाठून असा फोटो मिळवणे जवळपास अशक्य असते. हे काम करणारे छायाचित्रकार महिनोन्महिने बर्फाच्या मागे फिरतात. त्यांचा वेळ नेमका कशात जातो, हे समजून घेऊ.

स्नोबोर्डिंग म्हणजे काय? भारतात ते कुठे चालते?

स्कीइंगमध्ये प्रत्येक पायाला वेगळी पट्टी असते. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून उतारावरून घसरत यायचे असते. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलीसाठी दोन स्की जोडून एक खेळणे केले, तिथून आजच्या स्नोबोर्डची सुरुवात मानली जाते. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला.

भारतात यासाठी काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि हिमाचलमधील मनालीजवळचे सोलांग ही प्रमुख ठिकाणे. त्यातही परदेशी स्नोबोर्डर येतात ते मुख्यतः गुलमर्गला. त्याचे कारण तिथली केबल कार, म्हणजे गोंडोला. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा अफरवाट पर्वतावर, चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. तुलनेसाठी, आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे.

एका फोटोसाठी इतके दिवस का लागतात?

पहिले कारण म्हणजे बर्फ वेळापत्रक पाळत नाही. काश्मीरमधला हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या वाऱ्यांच्या प्रणाली हिमालयाला धडकल्या की खोऱ्यात पाऊस आणि उंचावर बर्फ पडतो. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांच्या कडाक्याला काश्मिरी लोक ‘चिल्लई कलां’ म्हणतात. याच काळात चांगला बर्फ साचावा, अशी अपेक्षा असते.

ती दर वर्षी पूर्ण होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे राहिले होते. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीपासून होणार होता. बर्फ अपुरा असल्याने तो पुढे ढकलावा लागला आणि अखेर ९ ते १२ मार्चदरम्यान पार पडला. राष्ट्रीय स्पर्धेला थांबावे लागते, तिथे चार दिवसांचे बुकिंग केलेल्या छायाचित्रकाराचे काय होणार?

दुसरे कारण असे की बर्फ पडला तरी सगळे जुळून यावे लागते. बर्फवृष्टी सुरू असताना समोरचे दिसत नाही. ती थांबल्यावर वरचे उतार सुरक्षित आहेत का, हे तपासेपर्यंत ते बंद असतात. ते उघडेपर्यंत ऊन टिकायला हवे आणि वारा पडलेला हवा. ऊन आणि वारा ताज्या बर्फाचा भुसभुशीतपणा लवकर घालवतात. त्यामुळे महिनाभर मुक्काम केला तरी खऱ्या कामाचे दिवस मोजकेच निघतात.

प्रत्यक्ष फोटो कसा ठरतो?

ताज्या बर्फावरून एकदा फळी गेली की त्यावर रेघ उमटते. तोच फोटो त्याच जागी पुन्हा काढता येत नाही. म्हणून छायाचित्रकार आणि स्नोबोर्डर खालून उताराकडे बघत रेषा ठरवतात : वळण कुठे घ्यायचे, उडी कुठून मारायची, सूर्य कोणत्या बाजूला हवा. मग छायाचित्रकार त्या रेषेवर पाऊल न ठेवता आपल्या जागी पोहोचतो आणि वॉकीटॉकीवर इशारा मिळाल्यावर स्नोबोर्डर निघतो.

इथे थोडे गणित. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारा स्नोबोर्डर सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकतो. सेकंदाला १० फोटो काढणारा कॅमेरा असला तरी दोन फोटोंमध्ये तो १.४ मीटर गेलेला असतो. नेमका क्षण त्या फटीत निसटू शकतो. १/१००० सेकंदाच्या शटरमध्येही तो १.४ सेंटीमीटर हलतो. म्हणून शटर अनेकदा १/१६०० किंवा त्याहून वेगवान ठेवतात. तरीही बटण कधी दाबायचे, याचा अंदाज सरावानेच येतो.

बर्फाचे फोटो राखाडी का येतात?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे गृहीत धरतो. चौकटभर पांढरा बर्फ दिसला की त्याला वाटते, प्रकाश जास्त झाला. तो फोटो काळपट करतो. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन साधारण +१ ते +२ ठेवणे. मोबाइलवरही पडद्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी वर सरकवली की हेच होते.

आकाश ढगाळ असेल तर वेगळीच अडचण येते. सावल्या नाहीशा होतात आणि चढ कुठे, खड्डा कुठे हे डोळ्यांनाही कळत नाही. अशा दिवशी जाणकार मंडळी उंच उघडे उतार सोडून खालच्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात जातात. झाडांच्या गडद खोडांमुळे फोटोला खोली मिळते.

थंडीत कॅमेरा आणि मोबाइल का बंद पडतात?

लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभार वाहून नेणारे आयन एका द्रावातून फिरतात. थंडीत ही हालचाल मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. बॅटरीत ऊर्जा शिल्लक असूनही ती उपकरणाला पुरेशी देता येत नाही आणि ४० टक्के दाखवणारा मोबाइल अचानक बंद पडतो. म्हणून जादा बॅटऱ्या सॅकमध्ये न ठेवता आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. थंडगार पडलेला मोबाइल शून्याखालच्या तापमानात चार्जिंगला लावू नये. त्याने बॅटरीचे कायमचे नुकसान होऊ शकते.

दुसरी अडचण मुळशीकरांच्या ओळखीची आहे. पावसाळ्यात एसी गाडीतून ताम्हिणीच्या दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. गुलमर्गला हेच उलट्या दिशेने घडते. बाहेर गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्यावर, कधी आतही, पाणी जमते. उपाय सोपा : आत येण्यापूर्वीच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालायचा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडायची. मेमरी कार्ड आधीच काढून घ्यायचे, म्हणजे पिशवी उघडायचा मोह होत नाही.

सर्वांत मोठा धोका कोणता?

हिमस्खलन. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गमध्येच एका रशियन पर्यटकाचा हिमस्खलनात मृत्यू झाला. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हा धोका सर्वाधिक असतो. स्नोबोर्डिंगला मजा येते ते उतारही बहुतेक याच कोनाचे. जोरदार बर्फवृष्टीनंतरचा ताजा थर आणि वाऱ्याने एका बाजूला साचवलेला बर्फ धोका वाढवतो. फोटोसाठी सर्वांत आकर्षक दिवस अनेकदा हाच असतो.

म्हणून बाहेरच्या उतारांवर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात : गाडलेल्या माणसाचा माग देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडे. त्या वापरता येणारा जोडीदारही सोबत हवा. बर्फाखाली अडकलेल्याला वाचवण्यासाठी पहिली १० ते १५ मिनिटे निर्णायक असतात. तेवढ्यात बाहेरून मदत क्वचितच पोहोचते.

गुलमर्गमधील स्की गस्ती पथक गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक भागाची पाहणी करून तो खुला किंवा बंद ठेवते. त्या हद्दीबाहेर जाणारा स्वतःच्या जबाबदारीवर जातो. स्थानिक मार्गदर्शक ‘आज नको’ म्हणाला, तर तो दिवस सोडून द्यायचा असतो. फोटोच्या हट्टापायी काय होते, हे पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. ३० जून २०२४ च्या भुशी धरण दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाला मुळशी, मावळसह अनेक तालुक्यांतील धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी घालावी लागली होती.

हिवाळाभर फिरणे परवडते का?

पुण्यातल्या व्यावसायिक छायाचित्रकारासाठी हाच खरा प्रश्न. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्याच काळात येतो. बर्फाचा हंगामही तेव्हाच. अनेक घरांत पौषात लग्ने टाळतात, त्यामुळे तेवढी एक फट मिळते. पण बर्फाचा भरवसा जास्त असतो तो त्यानंतरच्या फेब्रुवारीत. शिवाय भारतात स्नोबोर्डिंगच्या फोटोंना गिऱ्हाईक मर्यादित आहे : साहित्य बनवणाऱ्या कंपन्या, पर्यटन व्यावसायिक, हॉटेले आणि स्वतःचे फोटो हवे असलेले पाहुणे. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात खर्चच होणार, हे धरून चालावे.

उताराच्या मधोमध उभे राहून काम करायचे, तर पाठीवर कॅमेऱ्याची सॅक घेऊन स्वतःलाही खाली उतरता आले पाहिजे. म्हणून पहिला खर्च नव्या लेन्सवर करण्यापेक्षा स्कीइंग शिकण्यावर करावा. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था त्यासाठी अभ्यासक्रम घेते.

जायचे कसे, काळजी काय घ्यायची?

विमानाने श्रीनगर गाठून तिथून टंगमर्गमार्गे गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे बर्फ असताना चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते. रेल्वेने जायचे तर पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूला जाते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वेही सुरू झाली आहे.

इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. नियंत्रण रेषा जवळ असल्याने परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती. त्यामुळे निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहाव्यात. पोहोचल्यावर पहिला दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी राखून ठेवावा.

परतीचे तिकीट मात्र तारीख बदलता येईल असेच काढावे. बर्फ पडला आणि मार्गदर्शकाने वर जायला नकार दिला, तर आणखी दोन दिवस थांबण्याची सोय त्यामुळेच होते.