मामांचा पाय आणि कंपासमधली पट्टी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. विषय जरा घरचा आहे: महिनोन्‌महिने न भरणारी जखम आणि फोनवरून तिच्यावर लक्ष कसं ठेवायचं.

माझे मामा दौंड तालुक्यात ऊस करतात. शुगर जुनी. अंगठ्याखाली काटा घुसला, कळलंच नाही. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि प्रत्येक पावलाला जखम दाबली जाते. दर आठवड्याला पुण्याला यायचं म्हणजे दौंड स्टेशनचा जिना, गाडीतली गर्दी, उतरून परत चालणं. जखम दाखवायला निघायचं आणि वाटेत तीच चिघळवायची!

मी सॉफ्टवेअरवाला, खराडीत बसलेलो. म्हटलं, सोपंय. व्हॉट्सॲप ग्रुप केला: वहिनी, मी आणि डॉक्टर. वहिनी फोटो टाकायच्या, मी अंगठा दाखवायचो. "मामा, मस्त सुधारतंय!" चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "माप किती?"

वहिनींनी पोराच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलेलं माप होतं ३ बाय २, म्हणजे ६ चौरस सेंटीमीटर. आता २.९ बाय १.९, म्हणजे साडेपाच. फोटोत "मस्त" दिसणारी जखम जागची हललीच नव्हती. डायबेटिसच्या पायाच्या जखमेचा एक ठोकताळा आहे: चार आठवड्यांत ती निम्म्यावर आली नाही, तर उपचार पुन्हा तपासायचे. मामांना गाडी करून बोलावलं. कडेचा घट्टा कापल्यावर आत पू निघाला. तो कुठल्याच फोटोत दिसला नसता. औषधं बदलली, पायावरचा भार काढायला प्लास्टर घातलं. अंगठा वाचला. मी आणखी महिनाभर तसाच अंगठा दाखवत बसलो असतो, तर त्यांचा राहिला असता का, माहीत नाही.

मग हे दुरून बघणं फसवं आहे का? परदेशात यावर नीट चाचण्या झाल्यात. डेन्मार्कच्या २०१५च्या अभ्यासात जखम भरण्यात आणि पाय कापावा लागण्यात मोठा फरक दिसला नाही, पण दुरून देखरेख असलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि त्याचं कारण उलगडलं नाही. नॉर्वेच्या २०१८च्या अभ्यासात जखमा तितक्याच वेळात भरल्या आणि पाय कापण्याची वेळ कमी जणांवर आली. मी यातून एवढंच घेतलं: फोन दवाखान्याच्या जागी नाही, दवाखान्यात कधी पळायचं हे सांगायला आहे.

म्हणून आमची आत्ताची पद्धत:

१. ठरलेला वार, ड्रेसिंग बदलताना, जखम धुतल्यावर, खिडकीच्या उजेडात फोटो. फ्लॅश बंद.
२. फोन सरळ समोर, तिरका नाही. पट्टी शेजारी, जखमेला न टेकवता.
३. एक फोटो जवळून, एक पूर्ण तळव्याचा.
४. लांबी, रुंदी वहीत लिहायची.
५. फोटोला वास नसतो आणि तापही नसतो. म्हणून लिहूनच सांगायचं: वास येतोय का, पाणी किंवा पू वाढलाय का, पाय गरम लागतोय का, आजची शुगर किती.

लाली पसरली, ताप आला, बोट काळं पडलं, तर फोटो काढत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

ओळखीचा डॉक्टर ग्रुपवर नसेल तर? सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात, आणि जखम बघायला समोर एक प्रशिक्षित माणूस असतो. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला माझी आत्या असते, घोट्याजवळ जुनी जखम आहे. शिरूरला तर रेल्वेही नाही. तिला मी हाच रस्ता सांगितलाय.

मामा परवा म्हणाले, "भाच्या, एवढं शिकलास, अन् कामाला आली ती पोराची पट्टी!"

आज घरी फोन कराल तेव्हा "बरंय ना?" एवढ्यावर थांबू नका. "तळवा दाखवा," म्हणा. भेटू पुढच्या भागात.