माळकऱ्याच्या घरात किमची

गेल्या आषाढीला माझी पुतणी पुण्याहून पंढरपूरला आली, तेव्हा तिच्या पिशवीत काचेची एक बरणी होती. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कोरियन कंपनीत ती हिशेबाचे काम करते. बरणीत लालभडक, आंबूस वासाचा कोबी होता. "काका, ही किमची. दोन वर्षं झाली, डब्यासोबत रोज खाते. भाजीच आहे, आजीलाही चालेल," ती म्हणाली.

आमचे घर माळकऱ्यांचे. पुतणीच्या गळ्यात बाराव्या वर्षी तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी माळ घातली. मी काही पाकशास्त्राचा किंवा भाषांचा पदवीधर नाही. पण सांडगे-कुरडयांच्या वाळवणावर टिपणे काढता काढता इतर देशांतल्या साठवणीच्या पदार्थांचा नाद लागला आणि टाळेबंदीत कोरियन लिपी शिकलो. पंधराव्या शतकात राजा सेजोंगने घडवलेली ही लिपी आज 24 मूळ अक्षरांची आहे. चिकाटी असेल तर आठवड्यात वाचता येते. बरणीवरचे शब्द बोट ठेवून वाचले आणि दोन ठिकाणी अडखळलो: 'म्योल्ची एकजोत' आणि 'सेउजोत'. शब्दकोश उघडला. पहिला म्हणजे मांदेलीच्या जातीचा लहान मासा मिठात मुरवून काढलेला अर्क. दुसरा म्हणजे खारवलेला जवळा.

पुतणीने त्या संध्याकाळी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. कुणाशी बोलेना. आईने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "न कळता खाल्लं त्याला इठ्ठल काय म्हनत न्हाई गं. कळल्यावर काय करतीस त्ये बघ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तू एवढी बुकं वाचतोस, तर त्या देशात माळकरी कुनी न्हाईतच का, त्ये शोध."

या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

एक नाव, अनेक बरण्या

आपण 'किमची' म्हणतो ते एका पदार्थाचे नाव नसून एका रीतीचे नाव आहे. भाजीला मीठ लावायचे, तिचे पाणी सुटू द्यायचे, मसाला चोळायचा आणि हवा कोंडून ठेवायचे. मिठामुळे नासवणारे जंतू दबतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद वाढतात आणि भाजी आंबते. कोबी, मुळा, काकडी, मोहरीचा पाला, कशाचीही किमची होते.

लाल रंगही मुळातला नाही. मिरची कोरियात पोहोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. यी सु-ग्वांग या विद्वानाच्या 1614 च्या ग्रंथात ती जपानहून आल्याची नोंद आहे. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून त्याच शतकात आली. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची लाल किमची ही दोन्ही साधारण एकाच वयाची भावंडे. मिरचीआधीची पांढरी किमची आजही तिथे केली जाते.

प्रांत बदलला की बरणी बदलते आणि बदल घडवते हवामान. उत्तरेकडे कडाक्याची थंडी, त्यामुळे किमची लवकर आंबत नाही. साहजिकच तिथे मीठ-मिरची कमी आणि पाणी जास्त. मुळ्याच्या किमचीचे ते गार, आंबट पाणी प्योंगयांगच्या थंड शेवयांत रस्सा म्हणून पडते. दक्षिणेकडे जॉल्ला आणि ग्योंगसांग प्रांतांत हवा उबदार, म्हणून मीठ जास्त, मिरची जास्त आणि खारवलेल्या मासळीचा हात सढळ. आमच्या बरणीतली किमची या दक्षिणी वळणाची होती.

हिवाळ्याच्या तोंडावर घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायका एकत्र येऊन वर्षाची बेगमी करतात, त्याला 'किमजांग' म्हणतात. पूर्वी रांजण जमिनीत पुरून ठेवत. युनेस्कोने ही परंपरा दक्षिण कोरियाच्या नावे 2013 मध्ये आणि उत्तर कोरियाच्या नावे 2015 मध्ये आपल्या यादीत घेतली. आपल्या चैत्र-वैशाखातल्या वाळवणासारखाच हा प्रकार. आपण उन्हाला राबवतो, ते थंडीला.

कोबी नव्हता, गाजर होते

आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला कोरियाबाहेर सापडले. 1860 च्या दशकापासून कोरियाच्या ईशान्येकडच्या हामग्योंग भागातले शेतकरी दुष्काळाला कंटाळून शेजारच्या रशियन मुलखात जाऊ लागले. त्यांची वस्ती वाढली. 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यांच्यावर जपानचे हेर असल्याचा संशय घेऊन सुमारे 1,72,000 लोकांना आगगाड्यांत भरले आणि हजारो किलोमीटर दूर कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन सोडले. हे लोक स्वतःला 'कोर्यो-साराम' म्हणवतात.

त्या रुक्ष मुलखात त्यांचा लांबट पानांचा कोबी मिळेना, समुद्र तर दूरच. मिळत होते गाजर. त्यांनी गाजराच्या लांब काड्या केल्या, मीठ-साखर-व्हिनेगर लावले, त्यावर तिथल्या बाजारातले धने, लाल तिखट आणि लसूण टाकले आणि वरून कडकडीत तेल ओतले. या पदार्थाला 'मोर्कोव्चा' म्हणतात. 'मोर्कोव्ह' म्हणजे रशियनमध्ये गाजर. ताश्कंदपासून मॉस्कोपर्यंतच्या बाजारांत तो 'कोरियन गाजर' म्हणून विकला जातो. खुद्द कोरियात मात्र तो कुणाच्या आजीने केलेला नाही.

मराठी वाचकाने ही कृती पुन्हा वाचावी. धने, तिखट, वरून गरम तेल. ही तर फोडणी दिलेली गाजराची कोशिंबीर! आणि तिच्यात मासळी नाही. ती कुणी व्रत म्हणून सोडली नाही, हद्दपारीने सुटली.

भिक्षूंचे स्वयंपाकघर

उरलेले अर्धे उत्तर कोरियाच्या विहारांत होते. बौद्ध धर्म तिथे चौथ्या शतकात चीनमार्गे पोहोचला. विहारातल्या स्वयंपाकात मांस-मासळी नाही, शिवाय पाच उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य: लसूण, पातीचा कांदा, त्याच कुळातल्या दोन पालेभाज्या आणि पाचवी 'हंगो'. तिथली किमची मीठ, आले, मिरची, सोयासॉस आणि अळंबीच्या किंवा समुद्रशेवाळाच्या पाण्यावर होते. बेग्यांगसा विहारातल्या जोंग क्वान या भिक्षुणीच्या स्वयंपाकामुळे 2017 पासून जगाचे लक्ष या परंपरेकडे गेले.

त्या 'हंगो'पाशी मी थांबलो. हा शब्द चिनी वाटेने गेलेला संस्कृत 'हिंगू', म्हणजे आपला हिंग. कोरियात हिंग पिकत नाही. झाड नाही, वास नाही, पण निषेधाच्या यादीत नाव मात्र शतकानुशतके टिकले. आणि आपल्याकडे? चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाले की त्यांची उणीव भरून काढायला आपण हिंगच वापरतो. सोडायचे ते सोडायचे, ही वृत्ती दोन्हीकडे एकच. पण त्यांनी सोडलेले आपल्याला पावन आहे.

हे सगळे मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजी हाईत की माळकरी." पुतणीला फोनवर सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

श्रावणात ती आली. मंडईतून गाजरे आणली, आईने किसणी न घेता विळीवर काड्या केल्या. मीठ, लिंबू, चिमूटभर साखर, भरडलेले धने, तिखट. चातुर्मास म्हणून लसूण नाही, हिंगाची फोडणी. तासभर झाकून ठेवले. कोरियातल्या भिक्षूला ही किमची चालणार नाही आणि ताश्कंदची बाई म्हणेल, लसूण कुठे आहे? आईने मात्र भाकरीबरोबर दोनदा घेतली.

जेवणाआधी पुतणीने देव्हाऱ्यातली माळ उचलून आजीच्या हातात दिली होती. आता ती कंपनीत जेवताना आधी विचारते, 'यात जोत आहे का?' तिथल्या एका कोरियन बाईंनी तिच्यासाठी घरून वेगळी बरणी आणायला सुरुवात केली आहे. मीठ, आले, मुळा आणि मिरची. कार्तिकी झाली की लसूण घातलेली एक बरणी आपण त्यांना पाठवायची, असे आईने ठरवले आहे.