घसरती गाडी, सावरते हात

घरातील तरुण मुलाने ‘मला ड्रिफ्टिंग शिकायचे आहे’ असे म्हटले, की आजोबांना तो पैशाचा आणि जिवाचा अपव्यय वाटतो. मुलाला मात्र तो एक खेळ वाटतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि, हा प्रकार नेमका काय आहे हे जाणल्याखेरीज होकार वा नकार देणे उचित नव्हे.

ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर गाडीची मागची बाजू हेतुपुरस्सर घसरू देणे आणि तरीही गाडी ताब्यात ठेवणे. त्यासाठी इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळणारी गाडी लागते. अशा गाडीत पुढची चाके दिशा देतात व मागची चाके गाडीला ढकलतात. वळणावर मागच्या टायरांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: गाडी पुढे ढकलणे आणि तिला बाहेर सरकू न देणे. टायरची पकड मर्यादित असते. ॲक्सिलरेटर अधिक दाबला किंवा क्षणभर हँडब्रेक ओढला, तर ती पकड सुटते आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. चालक तेव्हा स्टिअरिंग शेपटाच्या दिशेने, म्हणजेच वळणाच्या उलट फिरवतो आणि ॲक्सिलरेटर कमी-अधिक करून तोल राखतो.

हे तंत्र जपानमध्ये घडले. १९६१ मध्ये मोटारसायकलची जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणारे पहिले जपानी स्पर्धक कुनिमित्सु ताकाहाशी पुढे मोटारींच्या शर्यतींकडे वळले आणि वळणे घसरत पार करण्याच्या शैलीसाठी प्रसिद्ध झाले. त्यांना पाहून केइची त्सुचिया यांनी डोंगरातील घाटरस्त्यांवर हा सराव केला. २००१ मध्ये ‘डी-वन ग्रां प्री’ ही स्पर्धामालिका सुरू झाली आणि ड्रिफ्टिंग घाटातून बंदिस्त मैदानात आले. तेथे वेळेपेक्षा घसरणीचा कोन, रेषा आणि ताबा यांना गुण मिळतात.

नाशिकला मोटारक्रीडा नवी नाही. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा या परिसरात झालेली आहे. रॅलीच्या कच्च्या वाटेवर गाडी घसरवत वळवणे हे तर नेहमीचेच तंत्र. इगतपुरीला महिंद्रा कंपनीचे ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. तेथील विषय ड्रिफ्टिंगचा नसला, तरी गाडीचे वजन कोठे सरकते आणि ॲक्सिलरेटर किती हळुवार दाबावा, हे मूळ धडे दोहोंकडे सारखेच असतात.

शिकण्याचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम मोकळे, बंदिस्त आणि ओले मैदान; ओल्या पृष्ठभागावर कमी वेगातच चाके घसरतात व टायरही कमी झिजतात. आधी एका खुणेभोवती वर्तुळ, मग इंग्रजी आठचा आकडा, त्यानंतर एका वळणातून दुसऱ्यात जाणे. शेजारी प्रशिक्षक, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा. पहिला धडा नजरेचा असतो: गाडी जिकडे न्यायची तिकडे पाहावे, जिकडे आदळण्याची भीती आहे तिकडे नव्हे.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने याचा उपयोग दुकानापर्यंत पोहोचतो. बोलेरो पिकअप, मारुती ईको ही मालवाहू वाहने मागच्याच चाकांवर चालतात. माल उतरवून परतणाऱ्या रिकाम्या पिकअपचे मागचे वजन हलके झालेले असते. पहिल्या पावसात कसारा घाट उतरताना जोराने ब्रेक दाबला, तर उरलेला भारही पुढे झुकतो आणि शेपूट सुटते. अशा वेळी ब्रेक व ॲक्सिलरेटर हळूच सोडावेत, नजर रस्त्यावर ठेवावी आणि शेपूट जिकडे जाते तिकडे स्टिअरिंग बेताने वळवावे. दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत. ड्रायव्हरला हे सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

परंतु या विद्येला दुसरी बाजूही आहे. नॉर्वेत नवशिक्या चालकांना घसरणीचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यावर तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले. कौशल्यापेक्षा आत्मविश्वास अधिक वाढला, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून हे शिक्षण वेगावर मर्यादा घालण्यासाठी घ्यावे. वेग वाढवण्याचा परवाना म्हणून नव्हे.

सार्वजनिक रस्त्यावर तर त्याला स्थानच नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्यास आणि कलम १८९ परवानगीविना शर्यतीस शिक्षा सांगते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास कलम १९९-ए नुसार पालक वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. शर्यत वा वेगचाचणीतील नुकसान सामान्य मोटार विम्यात बसत नाही, हेही हिशेबी घरांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक विचार समाजाला जवळचा आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर, विल्होळीच्या परिसरात, पहाटेच्या अंधुक प्रकाशात साधू-साध्वी पायी विहार करीत असतात. पावलाखालच्या जीवाचीही काळजी घेत चालणाऱ्या त्या पावलांच्या आणि भरधाव गाडीच्या मध्ये केवळ चालकाचा संयम असतो. रिकाम्या रस्त्यावर हौस भागवू पाहणाऱ्या तरुणाला तो रस्ता रिकामा नाही, हे घरातूनच कळले पाहिजे.

म्हणून मुलाने विचारले, तर सरसकट नकार देऊ नये. वय १८ पूर्ण, परवाना हाती, मैदान बंदिस्त, प्रशिक्षक जाणकार आणि गाडी तपासलेली, या पाच अटी घालाव्यात. त्या मान्य असतील तर वडिलांनीही एक दिवस त्याच्यासोबत मैदानावर जावे. मागची चाके सुटतात म्हणजे काय होते, हे एकदा अनुभवलेला माणूस घाटात पाय आपोआप हलका ठेवतो.