हेवीवेट घडतो कसा? काही समज आणि वस्तुस्थिती

सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर डॅनियल डुब्वा आणि अँथनी जोशुआ हे दोन ब्रिटिश हेवीवेट भिडले, तेव्हा ९६ हजार लोक बघायला जमले होते. डुब्वानं जोशुआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं. अशा लढतींच्या क्लिपा आता वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मानोऱ्याच्या पोरांच्या मोबाइलवरही फिरतात, आणि त्यांच्यासोबत एक वाक्यही फिरतं: 'त्या लोकांचं हाडपेरच वेगळं, आपल्याकडं असा गडी होणे नाही.' अंगापिंडानं मोठ्या पोराला किंवा पोरीला ग्लोव्ह हातात घ्यायच्या आधीच हे ऐकवलं जातं. म्हणून ते तपासून घ्यायला हवं.

हाडपेराचाच प्रश्न असता, तर ब्रिटनमध्ये प्रत्येक पिढीत जगज्जेता हेवीवेट निघायला हवा होता. प्रत्यक्षात कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला बॉब फिट्झसिमन्स १८९७ मध्ये जगज्जेता झाला, दोन वर्षांनी हरला, आणि पुढचा ब्रिटिश विजेता लेनॉक्स लुईस यायला १९९२ चा डिसेंबर उजाडला. मधली नव्वदहून अधिक वर्षं कोरडी गेली. ज्या देशात १८६७ मध्ये आधुनिक बॉक्सिंगचे क्वीन्सबेरी नियम तयार झाले, त्याच देशाच्या हेवीवेटना जग 'आडवे पडणारे' म्हणून हिणवत होतं. हेन्री कूपरनं १९६३ मध्ये वेम्बलीवर कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या मोहम्मद अलीला, डाव्या हुकनं खाली पाडलं. ते आजही अभिमानानं सांगितलं जातं, पण लढत त्याच्या पुढच्याच राउंडमध्ये क्लेनं जिंकली. लुईसचं १९८८ चं ऑलिम्पिक सुवर्णही कॅनडाच्या नावावर आहे. फ्रँक ब्रुनोला जगज्जेतेपद १९९५ मध्ये मिळालं, तेही चौथ्या प्रयत्नात.

मग बदललं काय? 'तिथं पैशाला तोटा नाही, बड्या प्रमोटरांनी पोसले' असं उत्तर हमखास मिळतं. पण प्रमोटर तयार माल उचलतो, तयार करत नाही. तयार करण्याचं काम वस्तीवस्तीतल्या हौशी क्लबांनी केलं. इंग्लंडची हौशी बॉक्सिंग संघटना १८८० ची. तिच्या छत्राखालचे क्लब म्हणजे बहुधा एखादं जुनं सभागृह, एक रिंग, चार पंचिंग बॅग आणि नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी शिकवणारा एखादा प्रशिक्षक. जोशुआ फिंचलीच्या अशाच क्लबातून आला. याच्या जोडीला १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळाडूंपर्यंत पोहोचू लागला. २००० मध्ये सिडनीत ऑड्ली हॅरिसननं सुपर हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. तरीही २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला ब्रिटनचा एकच बॉक्सर पात्र ठरला, आमिर खान. तिथून पुढं शेफील्डमध्ये राष्ट्रीय संघाचं केंद्र उभं राहिलं. निवडक बॉक्सर तिथं आठवड्याचे ठरावीक दिवस एकत्र सराव करतात. सोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगची पाच पदकं आली, त्यांतली तीन सुवर्ण, आणि एक सुवर्ण जोशुआचं.

या सगळ्यात हेवीवेटसाठी मोलाची गोष्ट म्हणजे सरावाला मिळणारा तोलामोलाचा गडी. तालमीत जोड नसेल तर पैलवान कितीही दंडबैठका मारो, कुस्ती वाढत नाही, तसंच इथं. साठ किलोच्या मुलाला प्रत्येक जिल्ह्यात दहा जोडीदार मिळतील. शंभर किलोच्या, सहा फूट चार इंचांच्या मुलानं ठोसे कोणाशी अदलाबदल करायचे? शेफील्डमध्ये एका छताखाली असे तीन-चार जण असतात, आपल्याकडं एका विभागात एखादा असतो. माझ्या मते ब्रिटनच्या बळाचं खरं कारण हेच आहे, आणि त्याचा वंशाशी काही संबंध नाही. ही व्यवस्था असूनही खात्री कशाचीच नसते: २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला बॉक्सिंगमध्ये एकच कांस्य मिळालं.

'आता वय निघून गेलं' हाही असाच घट्ट बसलेला समज. कमी वजनाच्या गटांत लहानपणापासूनची सुरुवात कामाला येते हे खरं. पण मोठा देह उशिरा भरतो, आणि हेवीवेट उशिरा पिकतो. जोशुआनं पहिल्यांदा ग्लोव्ह घातले ते १८ व्या वर्षी, आणि २२ व्या वर्षी तो ऑलिम्पिक विजेता होता. डेलिशस ओरी मॉस्कोत जन्मला, लहानपणी इंग्लंडला आला, त्यानंही १८ व्या वर्षीच सुरुवात केली, शिवाय विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ९२ किलोवरच्या गटाचं सुवर्ण त्यानं जिंकलं. अंतिम फेरीत त्याच्यासमोर कोण होता? हरियाणाचा सागर अहलावत. म्हणजे ब्रिटिश हेवीवेटच्या घरच्या मैदानात शेवटपर्यंत पोहोचलेला माणूस भारतीयच होता.

वजन म्हणजे ताकद, हे गणितही रिंगमध्ये टिकत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या, वर साधारणपणे सगळेच हेवीवेट. वरची मर्यादा नाही. २००९ मध्ये लंडनचा डेव्हिड हे साधारण ९८ किलोंचा होता आणि समोर सात फुटी, १४३ किलोंचा रशियन निकोलाय वालुयेव. बारा राउंड पायांवर नाचत, घुसून मारत आणि सटकत डेव्हिड हे जिंकला. मे २०२४ मध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकनं आपल्यापेक्षा सतरा-अठरा किलोंनी जड असलेल्या टायसन फ्युरीला हरवलं. जाडजूड पोराला 'तू हेवीवेटला चालशील' म्हणून रिंगमध्ये ढकलणारा प्रशिक्षक त्याचं नुकसान करतो. आधी पाय आणि दम तयार व्हावे लागतात.

हे व्यावसायिक बॉक्सिंग आणि शाळा-जिल्ह्याच्या स्पर्धांमधलं बॉक्सिंग यांत मात्र गल्लत नको. ऑलिम्पिक पद्धतीत तीन मिनिटांचे तीन राउंड असतात आणि निकाल बहुतेक वेळा गुणांवर लागतो. बारा राउंड आणि नॉकआउटची वाट बघणं हा व्यावसायिकांचा प्रकार.

'बॉक्सिंग हरियाणाचं, आपलं नाही,' असं वाशीममध्ये म्हणणाऱ्यानं जरा शेजारी पाहावं. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्त्से शहरात युवा जागतिक स्पर्धा झाली. ८१ किलोवरच्या गटाचं, म्हणजे मुलींमधल्या सर्वांत जड गटाचं, सुवर्ण नागपूरच्या अल्फिया पठाणनं जिंकलं. वडील पोलिस खात्यात, सराव मानकापूरच्या क्रीडा संकुलात. पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात तिनं माजी जगज्जेत्या लज्जत कुंगेइबायेवाला तिच्याच देशात हरवलं. विदर्भातून हेवीवेट निघत नाही असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे कमी वजनाचा, पण वाट दाखवणारा: अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलोचं सुवर्ण घेऊन आला. १९९८ पर्यंत वाशीम अकोल्याचाच भाग होता. ती प्रबोधिनी आपल्या पोरांना परकी नाही.

देशातही ही परंपरा जुनी आहे. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशी लागोपाठ दोन आशियाई सुवर्णं हेवीवेटमध्ये जिंकली आणि पुढं भिवानीत हा खेळ रुजवला. कौर सिंग १९८० मध्ये दिल्लीत खुद्द अलीसोबत प्रदर्शनी लढतीत उतरले होते. पण ऑलिम्पिकच्या सुपर हेवीवेट गटात पहिला भारतीय पोहोचला तो थेट टोकियोत, सतीश कुमार. पहिल्या लढतीत चेहऱ्याला झालेल्या जखमांचे टाके घेऊनच तो उपांत्यपूर्व फेरी लढला.

टाक्यांचा विषय निघाला की घरच्यांची काळजी समोर येते, आणि ती रास्त आहे. 'हेडगार्ड आहे ना, मग डोकं सुरक्षित' हा समज धोक्याचा. हेडगार्डमुळे कातडी फाटणं, सूज कमी होते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्यानं थांबत नाही. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं प्रौढ पुरुषांच्या लढतींतून ते काढलंच. मुलांसाठी आणि महिलांसाठी ते राहिलं. १९९१ मध्ये लंडनमधल्या लढतीत मायकल वॉटसनच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर रिंगशेजारी भूलतज्ज्ञ आणि रुग्णवाहिका असणं तिथं सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये व्यावसायिक बॉक्सरला दरवर्षी मेंदूचं स्कॅन करून घ्यावं लागतं. आपल्या पाल्याला बॉक्सिंगला घालताना चषकांचं कपाट बघण्याआधी विचारा: सरावात डोक्यावर जोरात मारू देता का? ठोसा बसून पोरगं भेलकांडलं, तर किती दिवस रिंगबाहेर ठेवता? डॉक्टरांना कधी दाखवता? उत्तर टाळणाऱ्याकडं पोर सोडू नये.

मुलींच्या पालकांनी आणखी एक हिशेब आधीच करावा. जागतिक स्पर्धेत वरचा गट खुला असतो. हवा सिंग यांची नात नूपुर शेवरान हिनं सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडच्याच लिव्हरपूलमध्ये ८० किलोवरच्या गटात रौप्य जिंकलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मात्र महिलांचा सर्वांत जड गट ७५ किलोंचा होता. अल्फियासारख्या मुलीला तिथं दारच नव्हतं. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या, उंच आणि भरलेल्या अंगाच्या पोरीनं कोणत्या गटात खेळायचं, हे पहिल्याच वर्षी प्रशिक्षक आणि डॉक्टर दोघांसोबत बसून ठरवावं. वाढीच्या वयात उपाशी ठेवून वजन उतरवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.