गावाची इर्जिक आणि कामगारांचे हात



कुणाची नांगरट मागे पडली, बैल आजारी झाला किंवा घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की पूर्वी गावात इर्जिक घातली जाई. दहा-वीस औते एकाच रानात उतरत आणि दिवस मावळायच्या आत रान नांगरून मोकळे होई. मजुरीची बोली नसे. ज्याचे रान त्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे आणि दुसऱ्याच्या इर्जिकीला आपली औते घेऊन जायचे, एवढाच काय तो करार. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक बहुतेक ठिकाणी मागे पडली. आज आपण ज्याला श्रमदान म्हणतो ते तिचेच भावंड. फरक एवढाच, की इर्जिक एकाच्या रानात चाले, श्रमदान साऱ्या गावाच्या रानात चालते.

साखर कारखान्याच्या कामगारांनी मिळून आपापल्या गावांत असे श्रमदान करावे, हा विचार आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. कारखान्याचा कामगार हा कुणी बाहेरचा पाहुणा नव्हे. तो बहुधा कार्यक्षेत्रातल्याच गावचा असतो. कुणी सभासदाचा मुलगा, कुणी भाचा, तर कुणी स्वतःच चार-दोन एकरांचा धनी. हंगामात गळिताच्या धांदलीत त्याला मान वर करायला सवड नसते. पट्टा पडला, की ओव्हरहॉलिंगचे दिवस येतात. नेमके याच दिवसांत गावच्या विहिरी तळ गाठतात आणि पावसाळा तोंडावर असतो. माणसांची सवड आणि गावाची गरज यांची गाठ इथे आपोआप पडते.

वेळूने काय केले

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात वेळू नावाचे गाव आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनने पहिली 'वॉटर कप' स्पर्धा घेतली, ती वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत. ऐन उन्हाळ्यात दीड महिना गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले आणि पहिला नंबर वेळूने पटकावला. पुढे ही स्पर्धा २०१९ पर्यंत चालली आणि ७५ हून अधिक तालुक्यांत पोहोचली. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, शहरांतली नोकरदार माणसे, कचेऱ्या-कंपन्यांचे कर्मचारी गटागटाने गावोगाव आले आणि गावकऱ्यांच्या बरोबरीने कुदळ-फावडे हाती धरले.

यातून घेण्यासारखी गोष्ट ही, की स्पर्धेत उतरणाऱ्या गावातली निवडक माणसे आधी प्रशिक्षणाला जात. पाणलोट म्हणजे काय, चर कुठे काढायचा, दगडी बांध कसा रचायचा, हे ती शिकून येत आणि मगच गाव कामाला लागे. उत्साह होताच, पण त्याला शिस्तीची जोड होती.

आधी विचारा, मग कुदळ उचला

श्रमदान फसते ते बहुधा सुरुवातीलाच. गाडी भरून माणसे जातात, नारळ फुटतो, फोटो निघतो, दुपारी मंडळी परत. गावाला कुणी विचारलेलेच नसते. मग गावकरी म्हणतात, "ते आले, खणून गेले. आमची गुरं जायची वाट तेवढी मोडली."

म्हणून पहिले काम गावसभेत बसण्याचे. जागा गायरान आहे, खाजगी आहे की वनखात्याची, हे पाहून रीतसर परवानगी घ्यावी. गावातून किती घरची माणसे उतरणार हे ठरवावे. गाव बांधावर बसून पाहणार आणि कामगार खणणार, असे असेल तर त्या गावी जाऊच नये. इर्जिकीत ज्याचे रान तो सर्वांच्या आधी औत धरी.

दुसरी गोष्ट सक्तीची. 'साहेबांनी सांगितले म्हणून आलो' असे झाले, की श्रमदानाची वेठ होते. हंगामी कामगाराला तर उन्हाळ्यात घरच्या कामाची, मजुरीची ओढ असते. जो येईल त्याचे स्वागत, जो येणार नाही त्याची हजेरी मांडू नये.

हाताला हुन्नर हवा

नुसती माती उपसायला यंत्रे आहेत. जेसीबी एका दिवसात जे काम करील ते शंभर माणसांना व्हायचे नाही. मग कामगारांची गरज काय? गरज त्यांच्या हुन्नराची आणि मिळून काम करण्याच्या सवयीची.

चर समपातळीत असला तरच त्यात पाणी थांबते. एक टोक वितभर खाली गेले, तर पाणी तिकडे धावते, चर फोडते आणि खालची माती घेऊन जाते. गवंडी वापरतो तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन माणसे ही पातळी काढू शकतात. फिटरला हे काम शिकवावे लागत नाही. गावचा हातपंप, गळके व्हॉल्व्ह, शाळेच्या पाण्याची टाकी ही कामे वेल्डर-फिटरने मनावर घेतली तर सकाळच्या प्रहरात होतात. शेतकी खात्याच्या माणसाला तर शिवाराचा चढउतार, माती आणि ओढे पाठ असतात.

काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. वरचे पाणी अडवले नाही, तर खालचा बांध पहिल्याच वळवात वाहून जातो. चराची माती उताराच्या बाजूला टाकावी. वेळ सकाळी सहा ते नऊ. पुढे ऊन चढते. प्यायला भरपूर पाणी, मीठ-साखर-लिंबू आणि प्रथमोपचाराची पेटी हवीच. दगड उचलण्यापूर्वी पहारीने हलवून पाहावा, खाली विंचू असतो.

आणि मोठा पाऊस पडला, की पुन्हा एकदा जावे. कुठला चर फुटला, कुठला गाळाने भरला, ते पाहून दुरुस्त करावे. खणायला शंभर जण येतात, ही फेरी मात्र पाच जणही करीत नाहीत. काम टिकते ते या फेरीमुळे.

आता थोडा हिशेब

एका घनमीटर खड्ड्यात १,००० लिटर पाणी मावते. समजा, शंभर कामगारांनी एका सकाळी प्रत्येकी अर्धा घनमीटर खणले. झाले ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटरची जागा. पावसाळ्यात हे चर पाच वेळा भरले आणि मुरले असे धरू. अडीच लाख लिटर पाणी जमिनीत गेले. आकडा ऐकून बरे वाटते.

आता आपल्या उसाकडे वळू. एक एकर उसाला वर्षाला १,५०० मिलिमीटर पाणी लागते असे कमीत कमी धरले, तरी ते होते सुमारे ६० लाख लिटर. म्हणजे शंभर जणांनी चोवीस सकाळी घाम गाळावा, तेव्हा एका एकराच्या उसाचे पाणी मुरणार! पाटपाण्याने भिजणाऱ्या उसाला ठिबक केले आणि पाण्याचा फक्त तिसरा हिस्सा वाचला असे धरले, तरी एकरी २० लाख लिटर वाचतात. याचा अर्थ, एका सभासदाने एका एकराला ठिबक केले, तर त्याने शंभर कामगारांच्या आठ सकाळींइतके पाणी राखले.

हा हिशेब कामगारांचे श्रम हलके ठरवायला मांडलेला नाही. चरात मुरलेले पाणी वरच्या वस्तीच्या आडाला, गुरांच्या हौदाला, कोरडवाहू रानाला येते, त्याचे मोल लिटरात होत नाही. पण वर कामगारांनी थेंब थेंब मुरवायचा आणि खाली आपण रात्रभर मोटर चालू ठेवून सरीतून सरीत सोडायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

हिवरे बाजारचा धडा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे ओळखले. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे काम सुरू झाले. श्रमदान हे त्यांच्या पंचसूत्रीतले एक सूत्र. पण गाव तेवढ्यावर थांबले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस-केळीसारखी जादा पाण्याची पिके घ्यायची नाहीत, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. किती पाऊस झाला ते मोजायचे, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिके ठरवायची, अशी तिथली रीत आहे.

ऊस सोडा, असे उसाच्या सभासदांना सांगणे नाही. कारखाना उसावर उभा आहे आणि कामगाराची चूलही त्याच्यावरच पेटते. पण ताळेबंद तर आपणही मांडू शकतो. विहिरीत पाणी किती, त्यावर ऊस किती एकर, हे लागणीच्या आधी कागदावर घ्यावे. पाचट जाळू नये, सरीत आच्छादावे. ओल धरते आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. जमेल तेवढ्या क्षेत्राला ठिबक करावे.

इर्जिकीचा करार आठवा. जेवण घातले की फिटले, असे त्यात नव्हते. आपली औते घेऊन दुसऱ्याच्या रानात जावेच लागे. उद्या कामगारांची टोळी आपल्या गावच्या माळावर उतरली, तर चहा-नाश्ता जरूर द्या, सोबत कुदळही धरा. आणि त्या दिवशी घरी परतल्यावर आपल्या उसातली किती पाण्याची उधळण थांबवता येईल ते ठरवा. कामगारांच्या घामाची परतफेड आपल्याला आपल्या रानातच करता येईल.