वसईचा दुभाषी आणि जपानचें बंद दार

विद्यार्थिमित्रांनो, जपाननें दोनशेंहून अधिक वर्षें बहुतेक परकीयांस आपलें दार बंद ठेविलें होतें, हें तुम्हीं इतिहासांत वाचलें असेल. तें दार कां लागलें, हें शोधूं गेलों असतां आपल्याच महाराष्ट्रांतील एक मनुष्य वाटेंत भेटतो. त्याचें नांव गोन्सालो गार्सिया, गांव वसई.

प्रथम त्या काळचें जपान पाहूं. क्योटो येथें सम्राट् होता. परंतु त्याची सत्ता नांवापुरतीच. खरी सत्ता ‘दाइम्यो’ म्हणविणाऱ्या सरदारांच्या हातीं असे. आपल्या मराठवाड्यांतील जहागिरी १९४९ सालीं खालसा झाल्या. त्या जहागीरदारांच्या गोष्टी तुम्हीं वडील मंडळींकडून ऐकल्या असतील. दाइम्यो त्यांच्याहून पुष्कळच स्वतंत्र. किल्ला त्याचा, फौज त्याची आणि युद्धही त्याचेंच. त्याच्या पदरीं ‘सामुराई’ योद्धे असत व त्यांचें वेतन तांदळाच्या मापानें ठरे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारें शंभर वर्षें हे सरदार आपसांत लढत होते.

अशा धामधुमींत १५४३ सालीं पोर्तुगीज लोक तानेगाशिमा बेटावर पोहोंचले. त्यांच्या बंदुका पाहून जपानी कारागिरांनीं लवकरच तशाच बंदुका घडविल्या. १५४९ सालीं धर्मोपदेशक फ्रान्सिस झेवियर कागोशिमा येथें उतरला. त्याच्यासोबत आंजिरो नांवाचा जपानी गृहस्थ होता. त्यानें आदल्या वर्षीं गोव्यांत बाप्तिस्मा घेतला होता व तेथील सेंट पॉल विद्यालयांत शिक्षणही घेतलें होतें. सारांश, जपानची वाट गोव्यावरून जात होती. आणि वसईही तेव्हां पोर्तुगीजांच्याच अमलाखालीं होती.

त्या वसईस १५५६ च्या सुमारास गोन्सालो जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. लहान वयांतच तो जेजुइट पाद्र्यांबरोबर जपानास गेला व तेथील भाषा त्यानें आत्मसात केली. पुढें त्यानें कांहीं काळ व्यापार केला आणि नंतर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून प्रवेश केला. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानास धाडिलें, तेव्हां दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेला.

त्या वेळीं तेथील सूत्रें तोयोतोमी हिदेयोशीच्या हातीं होतीं. सामान्य कुळांत जन्मलेल्या या पुरुषानें १५९० पर्यंत सर्व सरदारांस नमविलें होतें. १५८७ सालींच त्यानें पाद्र्यांस हद्दपारीचें फर्मान काढिलें होतें; परंतु व्यापार हवा असल्यामुळें अंमलबजावणी ढिली राहिली. १५९६ सालीं ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटलें व हिदेयोशीनें त्यावरील माल जप्त केला. ‘आधीं पाद्री येतात, मागून फौज येते,’ अशा अर्थाचें कांहीं त्या जहाजावरील एकानें बोलून दाखविलें, अशी हकीकत सांगतात. हिदेयोशीचा संशय बळावला. सव्वीस जणांस पकडून ऐन हिवाळ्यांत नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं त्यांस क्रुसावर चढवून ठार करण्यांत आलें. त्यांत वीस जपानी होते. कांहीं तर तुमच्याच वयाचे. गोन्सालोही त्यांत होता. १८६२ सालीं रोम येथें या सर्वांस संतपद देण्यांत आलें.

हें कृत्य क्रूर होतें, यांत शंका नाहीं. तथापि हिदेयोशीची भीति अगदींच निराधार होती, असेंही म्हणवत नाहीं; मनिला १५७१ पासून स्पेनच्या ताब्यांत होती. पुढें तोकुगावा घराण्यानें १६१४ सालीं देशभर ख्रिस्ती धर्मास बंदी केली व १६३९ सालीं पोर्तुगीजांस बंदरें बंद केलीं. युरोपियनांपैकीं केवळ डच व्यापारी नागासाकीजवळील देजिमा बेटावर राहिले. १८५३ सालीं अमेरिकन युद्धनौका आल्या, तेव्हां तें दार पुन्हां उघडूं लागलें.

मित्रांनो, वसईच्या त्या मुलानें परक्यांची भाषा शिकून त्यांच्या अंतःकरणापर्यंत वाट काढिली; परंतु त्याच वाटेनें तोफा येतील, या धास्तीनें ती बंद झाली. परक्याच्या घरीं जाणाऱ्यानें त्याची भाषा शिकावी, आणि आपल्या पाठीशीं कोण उभें आहे, हेंही एकदां वळून पाहावें.